डुबकीची चाळीस मिनिटं

सार्किलाम्पी, २३ ऑक्टोबर २०१६

वुओको,

तुझं यंत्र ताइस्तोच्या डाव्या दंडात बसून आज तीन आठवडे झाले. टाके सुकले, खपली पडली. कातडीवरून बोट फिरवलं की आगकाडीच्या अर्ध्या तुकड्याएवढं काहीतरी लागतं, बस. वर चिकटवायची ती चकती तो विसरत नाही, कारण मी विसरू देत नाही. आणि इकडे स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या फळीवर तुझी पेटी. तिच्यावरचा हिरवा दिवा मी दिवसातून शंभर वेळा बघते.

तुमच्या ओउलूच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, साखर उतरली की नवऱ्याला कळतं का. म्हटलं, पूर्वी कळायचं. हात कापायचे, घाम फुटायचा, उगाच भांडण उकरून काढायचा. गेली बारा वर्षं काहीच नाही. बोलता बोलता वाक्य अर्धं राहतं आणि माणूस खाली. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, त्यातली एक रात्र मी सलग झोपलेली नाही. दोनला उठायचं, त्याच्या मानेला हात लावायचा. मान कोरडी असली तर परत आडवं व्हायचं, ओली असली तर सरबत पाजायचं. गावच्या पोस्टात तीस वर्षं शिक्के मारले ते असल्या झोपेवर. आता बाई म्हणतात, उठू नका, आकडा चारच्या खाली गेला की पेटीच ओरडेल. मी तरी उठतेच.

पेटीवर कधीपासून भरवसा ठेवायचा ते तू सांग. बाईंचं मी ऐकणार नाही, तुझं ऐकेन.

हिल्का

ता. क. ताइस्तोकडून: काकू लिहीत नाहीये, पण ती पेटीशी बोलते. काल तिला म्हणाली, "बघ हं, मी गोठ्यात चाललेय." मला एक्केचाळीस वर्षांत कधी सांगून गेली नाही.


ओउलू, ६ नोव्हेंबर २०१६

काकू,

पत्र मिळालं. ऑफिसात सगळे हसतात, अजून कुणाला टपालाने पत्र येतं का म्हणून. मी सांगते, माझी काकू पोस्टमास्तरीण होती, तिच्या मते पडद्यावर लिहिलेलं लिहिलेलंच नसतं.

भरवशाचं म्हणशील, तर अजून दोन आठवडे थांब. शरीराला परकी वस्तू खपत नाही. ते तिच्याभोवती पातळ कोश विणायला घेतं. कोश जाड झाला तर साखर सेन्सरपर्यंत उशिरा पोचते आणि पेटी तुला शिळी बातमी देते. गेली नऊ वर्षं मी ह्या कोशाशीच झगडतेय. आताच्या सेन्सरवर जो लेप आहे त्याने तो पातळ राहतो. तेवीस जणांच्या दंडात हे सेन्सर आहेत आणि काकाचे आकडे सगळ्यांत स्वच्छ येतायत. काकाला मी निवडलं नाही, डॉक्टरांनी निवडलं. तो माझा काका आहे हे मी आधीच लिहून दिलंय. पेटीने कधी ओरडायचं आणि कधी नाही, एवढंच माझ्याकडे आहे.

मी दहा वर्षांची होते, बाबा गेल्यानंतरचा पहिला उन्हाळा, तुमच्याकडे होते. काका गवत कापता कापता बसला आणि मला वाटलं गंमत करतोय. मी त्याच्यासमोर बसून हसत होते, काकू. तू धावत आलीस आणि त्याच्या हिरड्यांना साखर चोळलीस. मी किती वेळ हसत होते ते तू मला कधी विचारलं नाहीस. त्यानंतर मी दुसरं काही शिकायचं ठरवलंच नाही.

वीस नोव्हेंबरपासून दोनला उठू नकोस.

वुओको


सार्किलाम्पी, १५ जानेवारी २०१७

वुओको,

मी वीस नोव्हेंबरला झोपले ते सकाळी सहाला उठले. ताइस्तो घाबरून मला हलवत होता, त्याला वाटलं मीच गेले. पेटी आतापर्यंत अकरा वेळा ओरडली आणि अकराही वेळा खरं बोलली. पहिल्यांदा तो नांगी टाकून खाली पडायच्या आधी मी त्याच्याजवळ होते.

पण एक भानगड झालीय. ती तुझ्याच हातची आहे.

शनिवारी गावाचा सौना असतो, वाफेत घाम काढायचा आणि मग तळ्यावर बर्फातल्या भोकात डुबकी. ताइस्तो पंचवीस वर्षं जातोय, तुला माहीत आहे. आता तो भोकातून वर आला की पाच मिनिटांत दंडावरची चकती किंचाळायला लागते. बोटाला टोचून बघावं तर साखर सात, म्हणजे उत्तम. इकडे घरी पेटी ओरडते, मी पिठाचे हात घेऊन तळ्यावर धावते आणि तिथे आठ म्हातारे टॉवेल गुंडाळून दात काढत उभे. काउको म्हणाला, "ताइस्तो, काखेत मांजर घेऊन आलास का रे?" पुढच्या शनिवारी सगळे म्याव म्याव करत होते.

ताइस्तोला हसण्याचं काही नाही, असं तो म्हणतो. पण गेल्या तीन शनिवारी तो चकती काढून कपड्यांच्या खोलीत खुंटीला लावतो. मागच्या वेळी ती तिथेच राहिली, सोमवारी काउकोने आणून दिली. दोन रात्री मी पुन्हा मानेला हात लावत बसले. भांडले, पण तो काही ऐकत नाही. म्हणतो, "आजार मला आहे, गावाला नाही."

तुला काही करता येईल का? डुबकीपुरतं तिला गप्प बसव. मी हात जोडून मागतेय असं समज.

हिल्का


ओउलू, ५ फेब्रुवारी २०१७

काकू,

काकाचं चुकत नाही, चकती चुकतेय. गार पाण्यात शिरलं की कातडीतलं रक्त आत पळतं. दंडातल्या सेन्सरभोवतीची साखर तेवढ्यापुरती आटते आणि त्याला वाटतं सगळ्या अंगातलीच आटली. इथल्या आणखी पाच जणांची हीच तक्रार आहे आणि त्यातले दोघे चकती काढून ठेवतात. चकती खुंटीला लटकण्यापेक्षा अर्धा तास गप्प राहिलेली बरी, असं आम्ही ठरवलं.

सेन्सरमध्ये तापमान मोजायची सोय आधीच आहे. मी एक नियम लिहिलाय, आम्ही त्याला डुबकीचा नियम म्हणतो. दंड एकदम गार पडला की माणूस डुबकीला गेलाय असं धरायचं आणि चाळीस मिनिटं ओरडायचं नाही. तोवर माणूस सौनात परततो, दंड गरम होतो, आकडा ताळ्यावर येतो. नियम मी स्वतःवर पाहिला. माझी साखर चांगली आहे, पण माझ्या दंडातही एक सेन्सर आहे. सहा वेळा डुबकी मारली, सहाही वेळा तो शहाण्यासारखा गप्प राहिला. इथल्या नऊ जणांनी पाहिला, त्यांचाही गप्प राहिला.

मंगळवारी काकाच्या चकतीत नियम आपोआप उतरेल. त्याला म्हणावं, आता मांजर घरी राहील, चकती दंडावर राहू दे.

वुओको


सार्किलाम्पी, ५ मार्च २०१७

वुओको,

चार शनिवार झाले, मांजराचा आवाज नाही. काउकोला करमत नाही म्हणे.

मी एक सांगते, हसू नकोस. मागच्या आठवड्यात मी कायानीला बहिणीकडे दोन रात्री राहून आले. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा. पेटी बरोबर नेली, तिच्या फ्रिजवर ठेवली. बहीण म्हणाली, "हिल्का, तू एवढी बोलतेस हे मला माहीतच नव्हतं." झोप झाली की माणूस बोलायला लागतं बहुतेक.

आता मी उठसूट खिडकीतून तळ्याकडे बघत नाही. आधी तो जाळं ओढायला गेला की दर पाव तासाने बघायचे. काळा ठिपका हलतोय ना, एवढंच बघायचं. हलत नसला की बूट घालायचे. आता ठिपक्याऐवजी दिवा बघते. हिरवा असला की पाव भाजायला मोकळी.

देव तुझं भलं करो, असं मी कुणाला सहसा लिहीत नाही.

हिल्का

ता. क. ताइस्तोकडून: पोरी, तू मला बायको परत दिलीस. थोडी जास्तच बोलते, पण चालेल.


ओउलू, १ एप्रिल २०१७

काकू,

काउकोचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. काय लिहू ते कळत नाही. मला बाबांचा चेहरा आठवत नाही. आठवतो तो काकाचाच.

काउको म्हणाला की बर्फावरच, जाळ्याजवळ, आणि डॉक्टरांच्या मते हृदय थांबलं. एकाहत्तर वर्षांचं वय, उणे अकरा तापमान आणि ओलं जाळं ओढायचं, हे हृदयाला जड गेलं असणार. तू एकटी राहू नकोस, बहिणीला बोलावून घे. मी पुरायच्या वेळी येते.

वुओको


सार्किलाम्पी, १९ एप्रिल २०१७

वुओको,

तू आलीस, खड्ड्यात माती टाकलीस आणि कॉफीला न थांबता गेलीस. गावात असं कुणी करत नाही. बस चुकेल म्हणालीस. बस पावणेपाचला होती, पोस्टात असताना मीच तिचं वेळापत्रक लावायचे. मी तुला दोष देत नाही, काहींना मेल्या घरची कॉफी उतरत नाही. पण तुला काही विचारायचं होतं, ते राहिलं.

त्या दिवशी, तीस मार्चला, तो सकाळी लापशी खाऊन, इन्सुलिन घेऊन नऊला जाळं ओढायला गेला. मी राईच्या पारीत बटाटा भरून रॉंटॉनेन भाजायला घेतले होते, त्याच्या धाकट्या भावासाठी, चार ताटं. रेडिओ चालू होता. एक वाजता जेवायला बोलवायला गेले तर तो घसरगाडीवरून बर्फात कलंडलेला, डावा हात बाहीविना, खांद्यापर्यंत ओल्या बर्फात. अंग गार झालं होतं. त्याच्या खिशात साखरेच्या गोळ्या होत्या, पाकीट फोडलेलं नव्हतं. एखादी जरी गोळी खाल्ली असती तर मी म्हटलं असतं, हृदय.

म्हणून विचारते. पेटी ओरडली होती का? डॉक्टरांकडे जाऊन कान तपासून घेतले. डावा निम्मा गेलाय म्हणतात. रेडिओ चालू होता आणि ओव्हनचा पंखा. ती ओरडली असेल आणि मला ऐकू आलं नसेल, तर मला कळायला हवं.

हिल्का


ओउलू, २४ एप्रिल २०१७

काकू,

सेन्सर शेवटपर्यंत नीट मोजत होता. तो बिघडलेला नव्हता, एवढं मी खात्रीने सांगू शकते. साखर उतरली होती हे खरं आहे, पण त्याबरोबर थंडी होती, श्रम होते, वय होतं. नेमकं कशाने काय झालं हे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही.

तू स्वतःला बोल लावू नकोस. कुणीही तुला बोल लावत नाही.

वुओको


सार्किलाम्पी, २ मे २०१७

वुओको,

समजलं. नीट मोजत होता, म्हणजे ओरडली. तू मला वाचवायला बघतेस, पण मी तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं हाताळली आहेत. माणूस काय टाळतो ते पाकिटावरूनच कळतं.

रेडिओ मी काउकोला देऊन टाकला. ताइस्तोच्या भावाला काल सांगितलं की पेटी ओरडत होती आणि मी पिठात हात घालून गाणी ऐकत होते. त्याने टोपी घेतली आणि गेला. ती चार ताटं भाजलेली त्याच्यासाठीच होती. गावाला मी सांगितलं नाही, पण आज दुकानात सगळे माझ्याशी मोठ्याने बोलत होते. त्यावरून समज.

कानाला लावायचं यंत्र घ्या म्हणतात. आता काय ऐकायचंय म्हटलं.

हिल्का


ओउलू, ६ मे २०१७

काकू,

पेटी ओरडली नाही. हे मी तुला पाच आठवड्यांपूर्वी लिहायला हवं होतं. तुझ्या कानांचा काही दोष नाही. ती एकदाही ओरडली नाही.

चकती सगळे आकडे लिहून ठेवते. काका गेल्याच्या संध्याकाळी मी ते इथूनच उघडले. काकाने जाळं काढायला बाही वर करून हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. दंड गार पडला, साखर त्याच वेळी खरोखर उतरत होती. माझ्या नियमाला वाटलं काका डुबकी मारतोय. म्हणून तो गप्प बसला. चाळीस मिनिटांनी तरी त्याने तोंड उघडायला हवं होतं आणि तेव्हा वेळ गेलेली नव्हती. पण मी नियम असा लिहिला होता की दंड गार लागेल तितक्या वेळा चाळीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. काका बर्फात कलंडला, दंड गारच राहिला. नियम मोजत राहिला, चाळीस, पुन्हा चाळीस, पुन्हा चाळीस. त्याच्या हिशेबी काका दोन तास भोकात पोहत होता.

हे आम्हा कुणालाच दिसलं नाही. आम्ही सगळे डुबकी मारून सौनात पळणारे. मी सहा वेळा बुडाले आणि सहाही वेळा दोन मिनिटांत गरम लाकडावर बसले होते. बर्फावर कुणी पडून राहील, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. दुसऱ्या देशातल्या माणसाने कदाचित असा नियम लिहिलाच नसता.

त्याच संध्याकाळी मी सगळ्या बावीस जणांच्या चकत्यांतून तो नियम काढून टाकला. कागदावर लिहिलं, किरकोळ दुरुस्ती. कुणी विचारलं नाही. मग पुरायला आले. तू मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "तू त्याला सहा महिने दिलेस." त्यानंतर तुझी कॉफी मला पिता आली नसती.

तुझ्या मागच्या पत्रानंतर आज सकाळी मी दवाखान्यात आणि सरकारी कार्यालयात लेखी दिलं. प्रयोग थांबवलाय. मला कामावरून दूर केलंय, चौकशी होईल. दिराला हे पत्र दाखव. दुकानात दाखव. तू नाही दाखवलंस तर मी येऊन दाखवीन.

क्षमा मागत नाही. तू देशील अशी भीती वाटते.

वुओको


सार्किलाम्पी, १३ मे २०१७

वुओको,

आकडे पाठव. सगळे, वेळेसकट.

हिल्का


ओउलू, १७ मे २०१७

काकू,

पाच ते आठ म्हणजे ठीक. चारच्या खाली पेटीने ओरडायला हवं. तीनच्या खाली माणूस बसल्या जागी भरकटतो, दोनच्या खाली शुद्धीत राहत नाही. गारव्याने आकडा थोडा कमी दिसतो, तरी तो इतका कमी दिसणार नाही.

९.५० ला ६.३
१०.३० ला ४.६
१०.४० ला ४.० (दंड गार, नियम सुरू)
११.०० ला ३.१
११.२० ला २.५ (इथे ओरडायला हवी होती)
११.४५ ला २.०
१२.१० ला १.७
१२.३५ ला १.६

पुढे आकडा नाही.

वुओको


सार्किलाम्पी, २८ मे २०१७

वुओको,

तुझं सहा मेचं पत्र दिराला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, टोपी काढून ठेवली आणि कॉफी मागितली. दुकानात आता माझ्याशी हळू बोलतात. ते मला नीट ऐकू येत नाही, पण असू दे.

तुझा आकड्यांचा कागद मी ओव्हनच्या दाराला चिकटवला आणि दहा दिवस त्याच्यासमोर बसले. स्वयंपाकाच्या बाईला घड्याळ लागत नाही, ताटावरून तिला वेळ कळते. प्रत्येक आकड्यापुढे मी काय करत होते ते लिहिलंय. दुसऱ्या कुणाला मी हे सांगितलेलं नाही, पाद्रीबाईंनाही नाही.

६.३ ला मी राईचं पीठ मळत होते. ४.६ ला पारी लाटत होते. ४.० ला बटाट्याच्या सारणात लिंगनबेरी कालवली, आंबट झाली म्हणून साखर घातली. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण साखरेचा डबा त्या वेळी माझ्या हातात होता.

३.१ ला पहिलं ताट आत गेलं.

२.५ ला, म्हणजे पेटीने ओरडायला हवं होतं त्या वेळी, मी खिडकीतून बघितलं. तो घसरगाडीवर बसला होता, मान खाली घालून. मला वाटलं जाळ्याचा गुंता सोडवतोय. फळीवर बघितलं, दिवा हिरवा. दुसरं ताट भरलं.

२.० ला मी परत बघितलं. तो तसाच होता. वुओको, पंचवीस मिनिटं मान न हलवता कुणी गुंता सोडवत नाही. मी कोळ्याची मुलगी आहे, हे मला तुझ्यापेक्षा आणि तुझ्या पेटीपेक्षा जास्त कळतं. बूट दाराशीच होते. तळ्यापर्यंत सहा मिनिटं लागतात, धावत तीन. माझा हात दाराच्या कडीपर्यंत गेला होता. मग मी पेटीकडे वळून बघितलं आणि म्हणाले, "तुला माहीत असेल." आणि तिसरं ताट आत सरकवलं, कारण दुसरं जास्त भाजलं असतं.

१.७ ला मी खिडकीकडे बघितलंच नाही. का बघितलं नाही ते मला माहीत आहे. बघितलं असतं तर जावं लागलं असतं आणि गेले असते तर चार महिने जी झोप मिळाली ती खोटी ठरली असती. १.६ ला मी भांडी घासत होते.

तू डुबकीचा नियम लिहिलास. तो मी मागितला होता. मी पिठाच्या हातांनी मागितला, कारण काउको म्याव म्हणाला आणि मला लाज वाटली. ताइस्तोला लाज वाटत होती त्याहून मला जास्त वाटत होती. तू माझी माफी मागत नाहीस ते बरं आहे. माझ्याकडे तुला द्यायला माफी नाही आणि तुझ्याकडेही मला द्यायला नसणार. चौकशीवाल्यांना हे पत्र दाखवायचं तर दाखव. त्याने तुझं काही हलकं होईल असं मला वाटत नाही.

आणखी एक, ते तुझ्या पुढच्या यंत्रासाठी लिहून ठेव, पुढचं यंत्र तू कधी केलंस तर. परवा तुमच्याकडचा माणूस चकती न्यायला आला होता. मी विचारलं, पेटीचा दिवा अजून हिरवा कसा. तो म्हणाला, हिरवा म्हणजे पेटीला वीज मिळतेय, एवढंच. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी समजत होते, हिरवा म्हणजे ताइस्तो ठीक आहे.

पेटी मी त्याला नेऊ दिली नाही. म्हटलं, जिने आणली तीच नेईल. ती अजून फळीवर आहे. प्लग मी काढणार नाही. माझा हात होत नाही. काल कपडे वाळत घालून आत आले, सवयीने तिकडे बघितलं, दिवा हिरवा होता आणि मला क्षणभर बरं वाटलं.

शुक्रवारच्या बसने ये, वुओको, आणि माझ्यासमोर तो प्लग काढ. मग कॉफी पिऊन जा.

हिल्का